अकरा मीटरवरचा ठिपका

फुटबॉलमध्ये बरोबरी सुटेना आणि पेनल्टी किकांचा टायब्रेकर लागला की सगळ्यांचे डोळे गोलीवर आणि किक मारणाऱ्यावर. चेंडू ज्यावर ठेवून किक मारतात त्या ठिपक्याला कोणी विचारत नाही. ३१ ऑगस्ट २०२४ची ड्युरँड कपची फायनल आठवा. कोलकात्यात मोहन बागान मध्यंतराला २-० ने पुढे, मग २-२, आणि टायब्रेकरमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचा गोली गुरमीतने दोन किक अडवून ४-३ ने कप नेला. १८८८ साली सुरू झालेल्या स्पर्धेचा निकाल वीतभर पांढऱ्या वर्तुळावर लागला!

तिथं मऊ, राखलेलं गवत होतं. आपल्या नागपूर-कामठीकडे मैदान म्हणजे बहुतेक काळी माती: उन्हाळ्यात भेगा, पावसात बुटाला चिकटणारा चिखल. त्यामुळे ठिपका आखणं हे इथं खरं कसबाचं काम, आणि ते हमखास सर्वांत नवख्या पोराच्या गळ्यात पडतं.

दोन्ही खांबांच्या आतल्या कडांमध्ये ७.३२ मीटर. म्हणजे ३.६६ वर मध्य, तिथून सरळ पुढे ११ मीटर. टेप गोलरेषेच्या मागच्या कडेला धरायचा. पुढच्या कडेपासून मोजलं तर रेषेच्या जाडीइतका, म्हणजे १२ सेंटिमीटरपर्यंत, ठिपका लांब जातो. ताळा सोपा आहे: ठिपक्यापासून दोन्ही खांबांच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर ११.५९ मीटर भरलं पाहिजे. एकीकडे कमी, एकीकडे जास्त आलं तर ठिपका तिरका. फक्की मारताना कळीचा चुना मात्र नको राजेहो, गोली त्याच जमिनीवर तोंडावर पडतो.

खरी गंमत किका सुरू झाल्यावर. उजव्या पायाचा खेळाडू डावा पाय चेंडूच्या डाव्या अंगाला रोवतो. आठ-दहा जणांनी तोच पाय तिथंच रोवला की चांगला खड्डा होतो, आणि तो पुढच्यालाच नडतो. पाय घसरला की चेंडू दोन्ही पायांना लागू शकतो. पूर्वी अशी किक वायाच जायची. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाच्या २०२५च्या खुलाशानंतर नकळत दोनदा लागून गोल झाला तर किक पुन्हा, गोल नाही झाला तर हुकलीच. म्हणून चेंडू किंचित मागेपुढे सरकवून कोरडी जागा शोधावी. चेंडूचा काही भाग ठिपक्याच्या मध्यावर आला, निदान त्याच्या वर झुकलेला असला, की नियमात बसतं.

कोणत्या गोलवर किका मारायच्या ते नाणेफेकीवर ठरतं. पण मैदानाची स्थिती पाहून रेफरी स्वतःही ठरवू शकतो, हे बऱ्याच कॅप्टनना ठाऊकच नसतं. एका टोकाचा ठिपका उखडलेला दिसला तर नाणं उडण्याआधी बोलायचं. एकदा गोल ठरला की तो सुरक्षेच्या कारणाने, किंवा जागा खेळण्यालायक उरली नाही तरच बदलतो, आणि नुसत्या खड्ड्याला रेफरी सहसा तेवढं मानत नाही.