पेंडंटमधलं रोमन नाणं कुणाचं? माझा अनुभव

इंग्लंडमध्ये आल्यापासून रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात भटकायची सवय लागलीये, तिथेच हे पेंडंट मिळालं. चांदीची फ्रेम, आत काळपट हिरवं छोटं नाणं, मागची बाजूही उघडी. विकणारे आजोबा ठामपणे म्हणाले ज्युलियस सीझरचं आहे. मला पेंडंट आवडलं म्हणून घेतलं, सीझरवर विश्वास ठेवून नाही.

फ्रेमचा निकाल पटकन लागला. कडीजवळ हॉलमार्क होता, चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि वर्षाच्या अक्षरावरून फ्रेम १९७० च्या दशकातली निघाली. म्हणजे दागिना नवाच. आपल्याकडे नाही का व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून पुतळ्या पाडल्या आणि त्यांच्या माळा केल्या, तसं नाणं गळ्यात घालायची हौस सगळीकडेच. खुद्द रोमन लोकही सोन्याची नाणी फ्रेममध्ये बसवून घालायचे.

खरी कटकट नाण्याची. सुटं नाणं असेल तर वजन करता येतं, कड तपासता येते (साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला बरेचदा कडेलाच जोडाची रेघ सापडते), पण इथे कड सगळी चांदीखाली आणि वजन केलं तर फ्रेमसकट. मग उरलं काय तर नुसतं बघणं. मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरायचा, नाण्याच्या पातळीला, मग झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात. एकदा डावीकडून, एकदा वरून, असे फोटो काढत बसले, नवरा म्हणाला झोप आता.

चेहऱ्याच्या बाजूची अक्षरं साधारण घड्याळातल्या सातच्या जागेपासून सुरू होतात आणि उजवीकडे फिरत जातात, शब्दांमध्ये जागा सोडलेली असेलच असं नाही. सुरुवातीची दोन-तीन फ्रेमने खाल्लेली, पण पुढे 'स्टँटिनस' आणि लगेच 'युन नोब' वाचता आलं. इथेच सीझर बाद! रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन द ग्रेटचा मुलगा, दुसरा कॉन्स्टंटाइन. 'युन' म्हणजे ज्युनियर, 'नोब' म्हणजे 'नोब सी', ही युवराजाची पदवी, आणि बाप इ.स. ३३७ मध्ये वारल्यावर तो स्वतः ऑगस्टस, म्हणजे सम्राट, झाला, म्हणजे नाणं त्याच्या आधीचं. ज्युलियस सीझर त्याच्या पावणेचारशे वर्षं आधीच गेला होता.

मागे दोन सैनिक, हातात भाले, मध्ये लष्कराची निशाणं, भोवती 'ग्लोरिया एक्झर्सिटस', सैन्याचा गौरव. निशाणं मोजायची हे मला आधी माहीत नव्हतं. दोन असतील तर साधारण ३३० ते ३३५, एकच असेल तर त्यानंतरचं. माझ्या नाण्यावर दोन.

आता टांकसाळ. तिचं नाव सैनिकांच्या पायाखालच्या आडव्या रेघेखाली असतं, आणि नेमकी तिथेच फ्रेमची कड चढलेली. अक्षरांचा फक्त वरचा अर्धा भाग दिसत होता: एस, एम आणि मग दोन उभ्या काड्या. एच असेल तर हेराक्लिआ, एन असेल तर निकोमेडिया, दोन्ही आजच्या तुर्कस्तानात मार्मारा समुद्राच्या काठची. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' म्हणून फुकट डेटाबेस आहे, त्यात राजा, धातू, टांकसाळ निवडत गेलं की यादी बारीक होत जाते, पण या एका अक्षरावर तोही काय करणार, दोन्हीकडे हेच चित्र पाडलंय.

मग पेंडंट तिरकं धरून कडेच्या खाली उजेड घातला, कारण फ्रेमची कड नाण्याला अगदी चिकटलेली नसते, थोडी वर उचललेली असते. तसं बघितल्यावर पहिल्या काडीच्या टोकापासून खाली उतरणारी तिरकी रेघ दिसली. एन. निकोमेडिया, आजचं इझमित. त्या डेटाबेसमधल्या संग्रहालयांच्या फोटोंशी ताडून बघितलं, चेहरा आणि निशाणांची ठेवण जुळली.

खरं की नकली, याबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही, पण ठिपक्यांची किनार एकाच बाजूला आलीये (हाताने ठोकलेल्या नाण्याचा छाप असा सरकतो), ओतीव नाण्यावर असतात तसे बुडबुड्यांचे खड्डे नाहीत, आणि मुळात ही नाणी ढिगाने सापडतात, सुटं घेतलं तर दहा-वीस पाउंडात मिळतं. एवढ्याशा पैशासाठी कोण कष्ट घेणार? आईने व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारला, सोन्याचं आहे का. नाही म्हटल्यावर तिचा इंटरेस्ट संपला.

एनच्या पुढे अजून एक ग्रीक अक्षर असतं, टांकसाळीतल्या कोणत्या कारखान्यात पाडलं ते सांगणारं, ते मात्र फ्रेमखाली पूर्ण गाडलंय. सोनाराला विचारलं तर म्हणाला कड उचकटून काढतो, पण चांदी परत नीट बसेल याची गॅरंटी नाही आणि नाण्यावर ओरखडा पडू शकतो. शिवाय फ्रेम चमकवायला सिल्व्हर डिपमध्ये बुडवू का असंही विचारत होता. दोन्हीला नाही म्हटलं, त्या डिपने नाण्याचा हिरवा थर उतरला असता. चांदी मी कोरड्या कापडाने पुसते, नाण्याला हात लावत नाही, आणि घाम येईल अशा दिवशी पेंडंट घालत नाही.