काळं पडण्याची बाजू

घासून लखलखीत केलेला तांब्याचा कलश कुणी ओल्या हाताने उचलला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटावर चार बोटं उमटलेली दिसतात. आमच्या घरी या बोटांवरून रीतसर तपास चालत असे आणि आरोपी बहुतेक वेळा बोटांच्या मापावरून ठरत असे. घामातलं मीठ आणि आम्ल तांब्याला लगेच भिडतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण ती बोटं दिसतात ती बाकीचा कलश चकचकीत असतो म्हणून. बरेच महिने न घासता राहिलेल्या कलशावरून आख्ख्या घराने हात फिरवला तरी काही कळत नाही. काळं पडलेलं भांडं चहाड्या करत नाही, हा त्याचा मला कळलेला पहिला गुण.

आमच्या घरात मात्र या मताला अनुमोदन नाही. दसरा-दिवाळी जवळ आली की चिंच भिजत पडते. कुणी आमसुलाचं पाणी जपून ठेवतं, कुणी लिंबाची सालं, आणि ज्यांना घाई आहे ते पितांबरीचं पाकीट फोडतात. आंबटाने तांब्यावरचा काळा थर विरघळतो आणि सोबत मीठ असलं की काम आणखी लवकर होतं. पितळेला मात्र हा उपचार बेताने करावा. चिंच फार वेळ राहिली तर पितळ गुलाबी दिसायला लागतं, आणि "बघा, कसं निघालं!" म्हणून त्याचं कौतुक होतं. खरं तर पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लाने त्यातलं जस्त आधी खाल्लेलं असतं आणि वर तांबं उघडं पडलेलं असतं. ती गुलाबी झाक स्वच्छतेची नाही, तुटीची आहे.

"मूळ रंग परत आला," असं घासणारा माणूस समाधानाने म्हणतो तेव्हा मला पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवते. पेशवाईपासून तिथे तांबं ठोकलं जातंय. पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो, आणखी ठोकला तर तडकेल. म्हणून मधून मधून त्याला भट्टीत लाल करून नरम करावं लागतं. त्या भट्टीतून बाहेर निघालेलं भांडं काळंकुट्ट असतं. तापलेल्या तांब्याने हवेतला प्राणवायू ओढून घेतलेला असतो. मग ते आम्लाच्या पाण्यात बुडवायचं, घासायचं, तांबूस करायचं, आणि शेवटी मठारायचं: गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत जायचं. मठारल्याने पत्र्याला ताठपणा येतो आणि प्रत्येक खळगा उजेड आपल्या परीने परतवतो. आळीत शिरायच्या आधी हा आवाज कानावर पडतो. मग मूळ रंग कुठला म्हणायचा? भट्टीतला काळा, की आम्लातून निघालेला तांबूस? आणखी मागे गेलो तर खाणीतलं बहुतेक तांबं गंधकाला नाही तर प्राणवायूला जोडलेलंच असतं. मॅलाकाइट हे तांब्याचं खनिज तर हिरवंगार असतं. आपण भट्टी लावून त्याला तिथून सोडवतो आणि हवा त्याला हळूहळू परत तिकडेच नेते.

हे नेणं टप्प्याटप्प्याने होतं. आधी लालसर-तपकिरी पातळ थर, मग चॉकलेटी, मग काळपट. हिरवा रंग यायला उघड्यावरचा पाऊस, हवेतले गंधकाचे अंश आणि कित्येक वर्षं लागतात, म्हणून देवघरातला कलश सहसा तिथवर पोचत नाही. समुद्राजवळ हवेतल्या मिठाचीही भर पडते, त्यामुळे कोकणातल्या नातेवाइकांची भांडी आमच्यापेक्षा लवकर काळवंडतात. याचं श्रेय आमच्याकडे काही लोक स्वतःच्या टापटिपीला देतात, ते सोडून द्यावं.

न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्वातंत्र्यदेवीचं उदाहरण या विषयात सगळेच देतात, मीही देतो. १८८६ साली, म्हणजे आपली मंडई सुरू झाली त्याच वर्षी, ती उभी राहिली तेव्हा तांबूस होती. अंगावरचा तांब्याचा पत्रा सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बेताचाच. हळूहळू ती काळवंडली, मग हिरवी व्हायला लागली. १९०६ मध्ये तिला रंग देण्याची भाषा सुरू झाली आणि लोकांनी गहजब केला. लष्कराच्या अभियंत्यांनी तपासणी केली, तर हिरवा थर खालच्या तांब्याला सांभाळतोय असं दिसलं, आणि बाहेरचा रंग टळला. १९२० च्या सुमाराला ती पुरती हिरवी झाली होती. पुण्यात असा प्रस्ताव आला असता, तर रंग द्यावा की नाही यापेक्षा रंगाचं टेंडर कुणाला मिळालं यावर जास्त पत्रं छापून आली असती.

लोखंडाची गोष्ट वेगळी, आणि त्याच्या वतीने मला काही बोलता येत नाही. तांब्याचा थर खालच्या धातूला घट्ट धरून बसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, फुगतो, आणि चिरोट्याला पदर सुटावेत तसे त्याचे पापुद्रे सुटतात. खाली ताजं लोखंड उघडं पडतं आणि तेही त्याच वाटेने जातं. स्लॅबमधल्या सळ्या अशाच फुगून वरचं काँक्रीट फोडतात. गळतीच्या विषयावर रात्री अकरापर्यंत चाललेल्या सोसायटीच्या मीटिंगा ज्यांनी काढल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको. बिडाचा तवा तेवढा अपवाद, पण त्याच्यावरचा काळा थर लोखंडाचा नसतोच. तापून तापून घट्ट झालेलं ते तेल असतं. सुनेने उत्साहाने तवा तारेच्या घासणीने घासला की सासूबाई का हळहळतात, याचं उत्तर त्यात आहे.

स्टेनलेस स्टीलचं कौतुक काय, तर ते काळं पडत नाही. पडतं ते, फक्त दिसत नाही! त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, आणि त्या क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा थर हवा लागल्याबरोबर तयार होतो. ओरखडा पडला तर तो आपला आपण भरून निघतो. बोहारणीकडून जुन्या साड्यांवर स्टीलचे डबे घेता घेता घराघरातल्या पितळी कळशा आणि घंगाळं मोडीत गेली, त्याला बायकांचे दुखणारे खांदे हेही कारण होतं. वापरणाऱ्याला चिंच घेऊन बसावं लागत नव्हतं. त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही, मला भांडी घासावी लागत नव्हती.

भांड्याच्या आतल्या बाजूबद्दलही माझा काही आग्रह नाही. पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हिरवट होतं आणि पोटात गेलं तर त्रास देतं. त्यासाठीच कल्हईवाला दारावर यायचा. भात्याने निखारे फुलवायचे, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ती चांदी एका फेऱ्यात सगळीकडे पसरवायची. तिथे काळं पडण्याची बाजू घेण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं बाहेरच्या अंगाबद्दल आहे.

कारण दर वेळी घासताना नुसता काळा थर जात नाही, त्याच्याबरोबर थोडा धातूही जातो. आमच्या देवघरातला रांगता बाळकृष्ण पाहिला की हे पटतं. हातातला लोण्याचा गोळा आणि तो हात यांच्यात आता फरक उरलेला नाही. अन्नपूर्णेचे डोळे गेले, नाक तेवढं किंचित शिल्लक आहे. कुलदैवताचे टाक तर मुळातच पातळ पत्र्यावर ठोकलेले. त्यांच्यावरचा घोडेस्वार आता घोडा कुठे संपतो ते सांगू देत नाही. हे सगळं हवेने केलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या रांगोळीच्या पुडीने, भक्तिभावाने, अंगठ्याने केलेलं आहे. मी एकदा म्हणून पाहिलं, की वर्षातून एकदाच घासू या. "म्हणजे देव पारोसे ठेवायचे?" आईने विचारलं. रसायनशास्त्रात याला उत्तर नाही.

भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती, त्या अक्षरांचंही तेच होतं. काळा थर अक्षरांच्या खाचेत बसतो म्हणून ती वाचता येतात. घासत गेलं की आधी काळं जातं आणि नंतर खाचच. आमच्या एका पितळी परातीवर "चि. सौ. कां." एवढं ठसठशीत आहे आणि पुढे काही नाही. नाव घालणाऱ्याने सुरुवात जोरात केली असावी आणि प्रत्यक्ष नावाशी येईपर्यंत त्याचा हात दमला असावा. परात कुणाच्या लग्नातली यावर घरात दोन पक्ष आहेत.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते बघताना मी म्हणूनच नक्षीच्या आधी हाताच्या जागा शोधतो. खाचखळग्यांत काळं आणि धरायच्या जागी गुळगुळीत उजळ, अशी वाटणी दिसली की वस्तू वापरातली होती हे समजतं. संग्राहक ज्याला पटिना म्हणून मान देतात, त्याची परीक्षा मला एवढीच येते. जुन्या बाजारात रविवारी हिंडताना ती कामाला येते. "शंभर वर्षांपूर्वीची" म्हणून दाखवलेली समई तळापासून मोरापर्यंत एकसारखी काळी असेल, दांडीवर जिथे रोज हात लागायला हवा तिथेही, तर तिचं वय नवसागर-व्हिनेगरच्या पाण्यात गेलेल्या दिवसांवर मोजावं. तुळशीबागेतले ऑक्सिडाइज्ड झुमके निदान उघडउघड मुद्दाम काळे केलेले असतात. चांदीचा काळेपणा प्राणवायूचा नसून गंधकाचा, म्हणून तर उकडलेल्या अंड्याला लागलेला चांदीचा चमचा काळा पडतो. तो घालवायला पुडीच हवी असंही नाही. गरम पाण्यात खायचा सोडा घालून चमचा अॅल्युमिनियमच्या कागदावर टेकवून ठेवला, तर गंधक अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी चमच्यावरच राहते. टाकांसाठी मी हा मार्ग सुचवला आहे. प्रस्ताव विचाराधीन आहे.

अलीकडे तांब्याच्या भांड्यांवर बाहेरून लॅकर मारलेलं असतं. काही दिवस छान दिसतं. मग कुठेतरी ओरखडा उठतो, तिथून हवा आत शिरते आणि पारदर्शक थराखाली काळी नक्षी पसरत जाते. तिथे चिंच पोचत नाही आणि बोटही. पाण्यासाठी तांब्या घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराला विचारलं, हा काळा नाही ना पडणार? "वापरला नाहीत तर नाही," तो म्हणाला. बिनलॅकरचा एक मागच्या फळीवर होता. तो पडून पडून काळवंडला होता, त्यामुळे किमतीत सूटही मिळाली.