गुंडूच्या घरात सावळी

घरात गुंडू हा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर असताना दुसरा कुत्रा आणावा का, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी नको म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याला त्रास होतो, जागेवरून भांडणं लागतात, शेवटी एकाला परत पाठवायची वेळ येते. ही भीती खोटी नाही, परत आलेले कुत्रे मी शेल्टरमध्ये पाहिलेत. तरीही सावळी ही कुत्री आमच्याकडे आली, आणि आज ती आणि गुंडू एका घरात सुखाने राहतात. मधला काळ कसा निभावला ते नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी गुंडूचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरलं. गुंडूला माणसं मनापासून आवडतात. कुरिअरवाला असो, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी असोत, दार उघडलं की तो तोंडात एक चप्पल घेऊन हजर. चावत नाही, दात लावत नाही, नुसती धरून उभा राहतो आणि पाहुण्याच्या पायाशी ठेवतो. पण कुत्र्यांशी त्याचं वागणं वेगळं आहे. वास घ्यायचा, घेऊ द्यायचा आणि आपल्या वाटेने निघायचं. अंगावर उड्या मारणारं पिल्लू आलं की तो तोंड फिरवतो, तरी ऐकलं नाही तर माझ्या मागे येऊन उभा राहतो. गॅलरीतला तुळशीजवळचा कोपरा त्याचा, तिथे दुसऱ्या कुणी बसलेलं त्याला चालत नाही. कंबरेच्या सांध्यांचं दुखणंही सुरू झालेलं. म्हणजे पिल्लू आणायचं नाही, एवढं पहिल्याच दिवशी पक्कं झालं.

जातिवंत हवा की देशी, हा प्रश्न मला फार पडला नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले आणि असं दिसलं की एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. माणसाचं ऐकण्याची तयारी यासारख्या काही गोष्टींत जात थोडी जास्त दिसते, बाकी ज्याचा त्याचा स्वभाव. कुत्र्यांसोबत राहिलेल्या कुणालाही हे मनोमन माहीत असतं. म्हणून मी जात आणि रंग बाजूला ठेवून शेल्टरमधल्या ताईंना एवढंच विचारलं, की म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावर न जाणारं, शांत, वयाने मोठं कोण आहे?

त्यांनी सावळी दाखवली. काळी कुळकुळीत, छातीवर पांढरा ठिपका, नसबंदी झाल्याची कानाला खाच. दातांवरून डॉक्टरांनी वय तीनच्या आसपास सांगितलेलं. रस्त्यावर गाडीने उडवल्यामुळे मागचा पाय मोडला होता, तो जुळला, पण चालताना थोडा आखडतो. आम्ही गेलो तेव्हा ती कुंपणाच्या टोकाला बसून आमच्याकडे बघत होती, उठली नाही. ताई म्हणाल्या, "हिला हात लावायची घाई करू नका. ही स्वतःहून येऊन वास घेईल. तेव्हाही तुम्ही दुसरीकडेच बघत राहा." तसंच केलं. बऱ्याच वेळाने माझ्या पायजम्याला थंड नाक लागलं आणि लगेच गेलं. मोठा कुत्रा दत्तक घेण्यातली हीच गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. त्याचा स्वभाव घडलेला असतो आणि त्याला रोज खायला घालणारं माणूस तो आपल्याला सांगू शकतं. पिल्लाच्या बाबतीत सगळा अंदाजच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दत्तकपत्र झालं, शेल्टरची माणसं घर बघून गेली, रेबीजच्या लसीचा दाखला जोडून महापालिकेचा परवाना काढला. सोसायटीत "एक आहे ना, मग दुसरा कशाला" अशी कुजबुज झाली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ सालची मार्गदर्शक सूचना मी छापून सेक्रेटरी काकांना नेऊन दिली. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि स्वच्छतेचं बघा म्हणाले. ते रास्तच आहे. शी उचलायची पिशवी माझ्या खिशात कायम असते.

खरं काम पुढे होतं. शेल्टरमधून आलेल्या कुत्र्याच्या अंगात डिस्टेंपर हा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार मुरत असू शकतो आणि लक्षणं दिसायला एक-दोन आठवडे लागू शकतात. म्हणून आमच्या डॉक्टरांनी दोघांना सुरुवातीचे दोन आठवडे पूर्ण वेगळं ठेवायला सांगितलं. भांडी वेगळी, पट्टे वेगळे, फिरायच्या वेळा वेगळ्या. सावळीला मागची खोली दिली. पहिले दिवस ती पलंगाखालून बाहेरच आली नाही. भात-चिकनची वाटी ठेवून दिवा घालवला आणि दार ओढून घेतलं की तासाभराने वाटी चाटल्याचा आवाज यायचा. शेल्टरवाले "तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने" असं म्हणतात. तीन दिवसांत भीती उतरते, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. हा ढोबळ हिशेब आहे, पण मला त्याचा फार आधार झाला. खोलीत जाऊन मी जमिनीवर पाठ टेकून बसायचे, माझं वाचायचे, तिच्याकडे बघायचे नाही.

गुंडूला दाराआड कुणीतरी आहे हे पहिल्याच तासात कळलं होतं. दाराखालच्या फटीला नाक लावून तो इतका जोरात वास घ्यायचा की फरशीवर ओलसर डाग पडायचा. आतून तिची नखं फरशीवर वाजली की कान टवकारायचे, शेपूट हळूहळू हलायला लागायची. ताठ उभी शेपूट, मानेवरचे उभे केस, रोखलेली नजर, यातलं काहीच नव्हतं. मग एका संध्याकाळी त्याने चप्पल आणून त्या दारापाशी ठेवली. आईने बघितलं आणि मला हाक मारली, "अगं, बघ तरी, पाहुणी आलीय हे ह्याला कळलंय."

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर दोघांची चादर अदलाबदल केली, म्हणजे एकमेकांचा वास आपापल्या अंथरुणाला लागला. पण पहिली भेट घरात करायची नाही, हे मी सगळ्यांना सांगेन. घर गुंडूचं आहे, तिथे सावळी परकीच ठरणार. आम्ही पहाटे डहाणूकर कॉलनीच्या मागच्या गल्ल्यांत गेलो. रस्त्याच्या एका बाजूने आई आणि गुंडू, दुसऱ्या बाजूने मी आणि सावळी, एकाच दिशेने चालत. समोरासमोर आणायचं नाही, कारण कुत्र्यांच्या जगात सरळ अंगावर चालून येणं हा उद्धटपणा असतो. सावळी सारखी जांभई द्यायची, जीभ नाकावरून फिरवायची. ते ताणाचं लक्षण. दिसलं की आम्ही अंतर वाढवायचो. गुंडू विजेच्या खांबाशी थांबून वास घेऊन पुढे गेला की सावळी तिथे जायची आणि त्याच ठिकाणी कितीतरी वेळ नाक खुपसून उभी राहायची. ओळख तिथेच होत होती. रोज रस्ता थोडा अरुंद निवडला. शेवटी दोघं शेजारी चालायला लागले तेव्हा त्यांनी एकमेकांकडे फारसं बघितलंही नाही, आणि मला तेच हवं होतं.

घरात आणल्यावर मधल्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक बसवलं. जेवण कायम वेगवेगळ्या खोल्यांत, हाडं-खेळणी उचलून ठेवलेली. आम्ही बाहेर जाताना फाटक बंद. हे नियम कंटाळवाणे आहेत, पण भांडणं बहुतेक वेळा खाण्यावरून आणि जागेवरून होतात, म्हणून ते सोडायचे नाहीत.

एकदा सावळी गॅलरीत तुळशीच्या कोपऱ्याकडे गेली आणि गुंडू गुरगुरला. खोल, छातीतून, आम्ही कधी न ऐकलेला आवाज. आई रागावून म्हणाली, "गुंडू! असं नाही करायचं!" मी तिला थांबवलं. गुरगुरणं म्हणजे "इथून मागे हो" असं सांगणं. ते सांगितल्याबद्दल कुत्र्याला ओरडत राहिलं तर तो सांगणं सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. सावळीला ते आमच्यापेक्षा लवकर कळलं होतं. ती मान वळवून, अंग वाकडं करून हळूच मागे फिरली होती. आम्ही एवढंच केलं, की हॉलमध्ये खिडकीखाली तिची गादी टाकली आणि ती जागा तिची म्हणून सांभाळली, गुंडूलाही तिथे जाऊ दिलं नाही. पुन्हा काही झालं नाही. हद्द ठरली की दोघंही निवांत झाले.

सावळीचा खरा स्वभाव मात्र सावकाश उलगडला. तिचं सगळं आधी बघायचं, मग ठरवायचं, असं असतं. नवीन माणूस आलं की ती दुरून त्याचे हात बघते. काठी आणि हेल्मेट यांची तिला धास्ती आहे, कारण काय असेल ते रस्त्यावरच्या दिवसांत असेल. सरकतं दार नाकाने उघडायला ती न शिकवता शिकली. रात्री जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं तर एकदाच भुंकते आणि आमच्याकडे बघते, आम्ही "बरं, बरं" म्हटलं की गप्प. गुंडू आयुष्यात कधी दारावर भुंकला नाही. सकाळी आई पूजेला बसली की सावळी उंबऱ्याबाहेर पंजे जोडून पडते. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांकडे बोट दाखवून आई तिला सांगते, "हे बघ, तुझे भाऊबंद." ती ऐकून घेते.

लाड करून घ्यायची तिची रीतही निराळी. गुंडू डोकं मांडीत खुपसतो. सावळी पाठ फिरवून येते आणि कणा माझ्या नडगीला टेकवून बसते, तोंड दाराकडे. पाठ फिरवणं म्हणजे पूर्ण विश्वास, हे कळल्यावर मला त्याचं फार अप्रूप वाटलं. सुरुवातीला ती डोळ्यांत बघायचीच नाही. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की कुत्रा आणि त्याचा माणूस बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात असतं तेच हे संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसं दिसलं नाही. हे मी आधीच वाचलं होतं. पण सावळीने खिडकीखालून मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे टक लावून बघितलं आणि नजर काढली नाही, तेव्हा जे वाटलं ते वाचून कळण्यासारखं नव्हतं.

दोघं एकमेकांना बिलगून झोपतील, असं चित्र मनात ठेवून कुणी दुसरा कुत्रा आणू नये. आमचे दोघं तसे झोपत नाहीत. त्यांची सोबत वेगळ्या जातीची आहे. गुंडूला आताशा ऐकू कमी येतं. तो सावळीच्या कानांवर लक्ष ठेवतो. तिचे कान दाराकडे वळले की तो उठतो, चप्पल शोधतो, आणि बेल वाजायच्या आत दारात असतो. उलट सावळी गुंडूवरून माणसं जोखते. इलेक्ट्रिशियन आला तेव्हा ती पलंगाखाली होती. गुंडूने त्याच्या पायाशी चप्पल ठेवली, त्याने डोकं खाजवलं, तेवढं बघून ती बाहेर आली आणि त्याच्या पिशवीचा वास घेऊन गेली. खेळायचं असलं की ती पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करते, पण गुंडूला धावायला लावत नाही. त्याच्या समोर आडवी पडते आणि पंजाने मारामारी करते, म्हणजे त्याला उठावं लागत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही. त्याचं दुखणं तिच्या लक्षात आलं असावं, असं मला ठामपणे वाटतं.

सगळं संपलेलं नाही. सावळी लिफ्टमध्ये अजून पाऊल टाकत नाही आणि गुंडूला जिने झेपत नाहीत. त्यामुळे आई त्याला लिफ्टने नेते, मी हिला जिन्याने, आणि सोसायटीच्या फाटकापाशी आम्ही एकत्र होतो. सध्या लिफ्टचं दार उघडं धरून बाहेरच चिकनचे तुकडे देणं चालू आहे, आत जायचा आग्रह नाही. दिवाळी ही सावळीची आमच्याकडची पहिलीच. फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून त्या वेळी तिचं आवडतं खाणं द्यायला आत्तापासून सुरुवात केली आहे. मागच्या खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे शिवायला टाकलेत, आणि फारच घाबरली तर काय द्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घेणार आहोत. गुंडूला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याला यंदा फारसा त्रास व्हायचा नाही. त्याचीही गादी त्याच खोलीत टाकायचं ठरलंय.