टेकू

आमच्या हॉलमधली काचेची शोकेस म्हणजे आईबाबांनी एलटीसीवर, नोकरीतल्या प्रवाससवलतीवर, केलेल्या सहलींचा इतिहास आहे. म्हैसूरचा चंदनी हत्ती, काश्मीरचा शिकारा आणि बाकी सगळ्या बाहुल्या. जाऊ तिथली एक बाहुली आणायची, असा आईचा नेम होता. ती घरी आल्यावर उभी राहील का, हे दुकानात कोण बघतं?

राहायच्या नाहीत. खाली रस्त्यावरून डंपर गेला, स्वयंपाकघरात मिक्सर लागला, की काचेमागे टप्प असा आवाज यायचा. सगळ्यात आधी पडायचा राजस्थानी नवरा. बायकोच्या घागऱ्यात पुठ्ठ्याचा शंकू, त्यामुळे ती भक्कम. याचे धोतरातले पाय म्हणजे चिंधी गुंडाळलेल्या दोन तारा. तो पडायचा तो थेट तिच्या खांद्यावर. वर्षानुवर्षं तसाच रेललेला.

त्या बायकोखेरीज न पडणाऱ्या दोघीच. एक सावंतवाडीच्या चितार आळीतली ठकी. अख्खी एका लाकडातून कोरलेली, पाय असे वेगळे नाहीतच; साडीचा घेर थेट जमिनीला टेकलेला. दुसरी तंजावरची. तिच्या बुडाशी जड मातीचा अर्धगोल आणि वर कागदाच्या लगद्याचं हलकं अंग. कितीही ढकला, डुलत डुलत पुन्हा सरळ. बाकीच्या आडव्या झाल्या की ही तेवढी मान हलवत बसायची, त्याचा मला लहानपणी रागच यायचा.

यंदा दसऱ्याच्या साफसफाईत ठरवलं, सगळ्यांची सोय लावायची. जाडसर तार आणली, पक्कड शोधली. तारेचं खाली एक वेटोळं, तिथून मागून वर जाणारा दांडा, टोकाला कमरेला धरणारी अर्धगोल चाप. पहिला स्टँड अर्ध्या तासात झाला. नवऱ्याला त्यात अडकवलं आणि तो स्टँडसकट तोंडावर पडला. वेटोळं मी दांड्याच्या मागच्या बाजूला केलं होतं आणि सगळं वजन पुढे. गुरुत्वमध्य, पाया वगैरे शाळेत पाच मार्कांना लिहिलेलं होतं, पण ते बोटांपर्यंत कधी उतरलंच नव्हतं. वेटोळं पुढे, बाहुलीच्या पावलांखाली घेतलं तेव्हा कुठे जमलं.

तरी डुगडुगतच होता. मग काड्यापेटी घेतली. आत काहीतरी जड हवं म्हणून खण उपसले, तर पिशवीभर चार आणे सापडले. 2011 च्या जूनअखेर ही नाणी चलनातून बाद झाली, तेव्हापासून ना टाकवत होती ना चालवता येत होती. त्यातली गेंड्याचं चित्र असलेली वेचून पेटीत ठासली, वेटोळं एम-सीलने वर बसवलं, बाहेरून जुन्या खणाच्या कापडाचा तुकडा चिकटवला. चापेला लोकर गुंडाळली, नाहीतर तार कापडाला कातरते. वरून शेला सोडला की काही दिसत नाही.

भाचीची बार्बी मात्र वेगळंच प्रकरण. टाचा कायम उचललेल्या, जणू आयुष्यभर फळीवरचा डबा काढतेय. 1959 सालच्या पहिल्या बार्बीच्या तळपायांना भोकं होती आणि सोबतच्या स्टँडला दोन खुंट्या. म्हणजे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं की ही बाई स्वतःच्या पायावर उभी राहायची नाही. आमच्या बार्बीला भोकं नाहीत, आणि पाडायची माझी छाती झाली नाही. तिला कॅरमच्या स्ट्रायकरवर तार बसवून दिली. फ्रॉकमुळे तार झाकली गेली, स्ट्रायकर तेवढा दिसतो. दिसू दे.

हे करताना राहून राहून एक वाटत होतं. आपल्याकडे हंड्याला घडवंची, डोक्यावरच्या कळशीला चुंबळ, गरम पातेल्याला अडणी, देवाला चौरंग, जेवणाऱ्याला पाट. टेकणाऱ्या प्रत्येकासाठी शब्द आहे. बाहुलीच्या वाट्याला मात्र ‘स्टँड’. आईला विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाली, “टेकू म्हण की. सरकारला चालतो, तुझ्या बाहुल्यांना चालणार नाही?”

संध्याकाळी शोकेस लावून झाली. मिक्सर लावून बघितला, दार आपटून बघितलं. कोणी हललं नाही. नवरा तर पगडी सावरून असा ताठ, की याच्या पायाखाली गेंडे आहेत हे कुणाला सांगून पटू नये.

आई बराच वेळ बघत उभी होती.

“छान झालंय गं,” ती म्हणाली, “पण ही दोघं भांडल्यासारखी वाटतात.”

तिने काच सरकवली, आणि नवऱ्याला काड्यापेटीसकट उचलून बायकोच्या खांद्याला लागेल इतपत जवळ ठेवलं.