काका, ओटीपी सांगा

गॅसची टाकी आणणाऱ्या पोराचा फोन आला. "काका, ओटीपी सांगा." आई म्हणाली, "अरे, काकूच बोलतेय मी." पण आवाज असा फाटलेला, की त्याला ते पटेना. मी पुण्याहून सुट्टीवर कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी आले होते, शेजारीच शेंगा सोलत बसले होते. आम्ही सगळेच हसलो. मीही. त्याची अजून लाज वाटते.

खोकला तेव्हा तीन महिन्यांचा होता. २०२२ ची दिवाळी झाली आणि सुरू झाला. "हवा बदलली की होतंच गं," हे आईचं उत्तर. आधी पातळ औषध, मग अँटिबायोटिक, मग एक्स-रे. डाव्या फुफ्फुसात डाग. थुंकी दोनदा तपासली, टीबीचे जंतू काही सापडले नाहीत, तरी डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. आपल्याकडे छातीत डाग दिसला की आधी टीबीच आठवतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण जंतू न सापडता सुरू केलेल्या औषधानं काहीच उतार पडत नसेल, तर पुन्हा शोधायला हवं, हे आम्हाला कुणी बोललं नाही. उलट लघवी लाल झाली तेव्हा शेजारी म्हणाले, औषध लागू पडतंय बघा. तो नुसता गोळीचा रंग होता.

बाकीची लक्षणंही समोरच होती. प्रत्येकाला आमच्याकडे एकेक कारण तयार होतं. वजन उतरलं, तर टीबीत उतरतंच. डावा खांदा रात्री ठणकायचा, तर भांगलणीनं भरला असेल. संक्रांतीला कासारीण बांगड्या भरायला आली, तेव्हा आईचा हात दाबताना थबकली. "वैनी, बोटांची टोकं सुजल्यागत झालीत की." आईनं हात मागे घेतला आणि हिरव्याऐवजी लाल बांगड्या दाखवायला सांगितल्या. त्या घरात सगळ्यात पहिलं निदान कासारणीनं केलं असं मी म्हणते, आणि ते पूर्ण विनोदानं म्हणत नाही.

फोननंतर मी आईला कानाघशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर मला दाखवलं. आई "ई" म्हणत होती, तेव्हा उजवी स्वरपट्टी हलत होती, डावी ढिम्म. मला वाटलं, घशातच काहीतरी आहे. डॉक्टर म्हणाले, छातीचा सीटी स्कॅन करा. बसला घसा, आणि फोटो छातीचा? त्यांनी कागदावर रेघ ओढून समजावलं. डाव्या स्वरपट्टीची नस मानेतून थेट घशात येत नाही. आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि पुन्हा वर येते. वाटेत कुठे गाठीनं दाबली, की आवाज जातो.

गाठ होती. पुढचे सहा आठवडे पुण्यात. सीटीत बघत सुईनं तुकडा काढला, मग आजार अंगात कुठवर पसरलाय ते दाखवणारा पेट स्कॅन. फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. "ओढत होत्या का?" प्रत्येक टेबलावर हाच प्रश्न. विडी नाही, तंबाखू नाही, मिश्रीसुद्धा नाही. चूल मात्र चाळीस वर्षं. गॅस आल्यावरही आंघोळीचं पाणी चुलीवरच तापायचं. चुलीमुळेच झालं का, असं मी विचारलं, तर डॉक्टरांनी हो म्हटलं नाही. घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर कर्करोगकारक यादीत पक्का आहे, लाकूडफाट्याच्या धुरापुढे अजून "बहुधा" लिहिलेलं आहे, एवढंच म्हणाले.

तुकड्याची जनुकीय तपासणीही केली. रिपोर्टची वाट पाहण्यात गेलेले ते दिवस केमोच्या भीतीपेक्षा वाईट होते. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल निघाला. कधीच न ओढणाऱ्या बायकांत तो बऱ्याचदा सापडतो, आणि त्यावर रोजची एक गोळी असते. आजार मुळासकट जात नाही, पण आवरून धरते. महिनाभरात खांद्याचं ठणकणं थांबलं, खोकला ओसरला, आणि तोंडावर मुरमं उठली. "लग्नाच्या वेळी नव्हती एवढी," आई आरशासमोर म्हणाली.

आता ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही तर्जनींची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून टेकवायला सांगते. मधे शंकरपाळ्याएवढी नाही, पण तशाच आकाराची बारीक फट दिसायला हवी. बोटांची टोकं फुगल्यामुळे तिची दिसत नव्हती. फट नसली म्हणजे कॅन्सरच असं नाही, हृदयाच्या, फुफ्फुसाच्या इतर आजारांतही ती बुजते, हे मी प्रत्येक वेळी मागून सांगते. खोकल्यात रक्त पडलं तरच घाबरायचं, असं आम्ही समजत होतो, हेही सांगते. आईला रक्त एकदाही पडलं नाही.

आवाज परत आला नाही. परवा टाकी संपली, पोराचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आई त्या घोगऱ्या आवाजात "हॅलो" म्हणाली.

"काकू, ओटीपी सांगा."