मागची सीट घरी ठेवून स्पिती: जिम्नीतली सामानाची मांडणी

सप्टेंबरात पुण्याहून हिमाचलात शिमला, किन्नौर, स्पिती, कुंझुमची खिंड आणि मनाली असा फेरा केला. माणसं दोनच, मी आणि बाबा. गाडी मारुतीची पाच दारांची जिम्नी, मॅन्युअल. दोघांसाठी मागची सीट कशाला वाहायची, हा प्रश्न बाबांनीच काढला. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. बोल्टनं बसवलेली कुठलीही गोष्ट काढण्यासाठीच असते, असं त्यांचं ठाम मत आहे.

जिम्नीची डिकी कागदावर २०८ लिटर, आणि मागच्या पाठी आडव्या केल्या की ३३२ लिटर. पण पाठ आडवी केली तरी खालची गादी असते तिथेच. म्हणजे सामान उंचावर चढतं आणि पाय ठेवायची खोलगट जागा वाया जाते. सीट पूर्ण काढली की ती जागा हाती येते. पाण्याचा वीस लिटरचा जार तिथे उभा राहतो, तोही पुढच्या सीटच्या लगेच मागे, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पुढे. सीट काढण्यातला खरा फायदा हाच, की जड सामान खाली आणि मधोमध येतं. वर जास्तीच्या चार बॅगा मावतात हे खरं असलं तरी त्या मोहात पडू नये.

कारण वजनाचा हिशेब. गाडीचं स्वतःचं वजन १,२०० किलोच्या आसपास, आणि भरलेल्या गाडीची मर्यादा १,५४५ किलो. उरले साधारण ३४० किलो. त्यात आम्ही दोघं दीडशे. सीट काढून तिसेक किलो परत मिळाले. आता अनेकजण इथे ड्रॉवरचा संच बसवतात. दिसतो झकास, पण १८ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीटच पस्तीस किलोच्या घरात जाते, वर लोखंडी चॅनल. म्हणजे सीट काढून जे कमावलं ते सुतारानं परत घेतलं. आम्ही १२ मिलिमीटरच्या प्लायची अर्धी शीट घेतली, तिचा मागच्या अर्ध्या भागात एकच फळा केला आणि खाली प्लास्टिकचे क्रेट सरकवले. फळ्यावर फक्त कपडे, पांघरुणं आणि खाऊ. छतावर कॅरिअर नाही.

सीट काढणं हे तासाभराचं काम. सॉकेट संच, लांब रॅचेट आणि घट्ट बोल्टसाठी लांब दांड्याचा पाना, एवढ्यात भागतं. सीटखाली वायरीचा जोड दिसला तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा, मग जोडावरची खिटी दाबून तो सोडवा आणि टोकाला टेप गुंडाळा. बाबांनी प्रत्येक बोल्ट वॉशरसकट त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून परत बसवला. दोन फायदे: बोल्ट हरवत नाही आणि भोकात माती जात नाही. सीटबेल्टला हात लावू नका. बेल्ट गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे बोल्ट बऱ्याच गाड्यांत इंची आट्यांचे असतात. तिथे बाजारातला मिलिमीटरचा बोल्ट दाबून बसवला तर आटे कायमचे जातात.

एक गोष्ट गमवावी लागते. जिम्नीत पुढच्या सीटची पाठ मागे पाडून मागच्या गादीला जोडता येते, आडवं पडायला बरी जागा होते. मागची सीट गेली की ती सोय संपली. गाडीतच झोपायचा बेत असेल तर सीट राहू द्या, किंवा फळा त्या उंचीचा करा. आमचा मुक्काम सगळीकडे होमस्टेत होता.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि आसनक्षमता हा नोंदणीतलाच तपशील आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बोल्ट काढून ठेवलेली आणि परत बसणारी सीट हा कायमचा बदल नाही, असं आपण म्हणू शकतो. समोरचा अधिकारी तसंच म्हणेल याची खात्री नाही. म्हणून काहीही कापू नका, वेल्डिंग करू नका, निघण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर जपून ठेवा. किन्नौर आणि स्पितीच्या हद्दीवरच्या सुमदोच्या नाक्यावर नाव नोंदवताना शिपायानं मागे डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “दुकान लगाओगे क्या?”

मैदानातला पल्ला बडोदा, उदयपूर, जयपूर असा झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं एकच: सीट नसली की मागचा पत्रा ढोलासारखा घुमतो. टायरचा आवाज, खड्यांचा टणटणाट, सगळं थेट कानात. पत्र्यावर जाड रबरी चटई आणि तिच्यावर जुनी योगा मॅट टाकली तेव्हा बोलणं ऐकू यायला लागलं. मागे वजन वाढलं की गाडीचं नाक किंचित वर होतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत दिवे जातात, तेव्हा हेडलाइटची पातळी खाली घ्यायला विसरू नका.

शिमल्याकडून चढण्याचं कारण उंची. नारकंडा, कल्पा, नाको, ताबो असं टप्प्याटप्प्यानं वर गेलं की शरीर सवय करून घेतं. मनालीकडून थेट कुंझुमवर उडी मारू नये, त्यातून सोबत साठीपुढचं माणूस असेल तर नाहीच. सप्टेंबरात किन्नौरमध्ये सफरचंदाचा हंगाम असतो, ट्रकांच्या रांगा लागतात, वेळ हाताशी ठेवा. आणि हो, रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. वीस किलोची पेटी डिकीत टाकायचा आग्रह बागवाल्यानं फार केला. बाबांनी दोन किलोवर तोडगा काढला.

पेट्रोलचा कॅन नेऊ नका. टाकी ४० लिटरची आहे, किन्नौरमधल्या रिकाँगपिओला भरली की स्पितीतल्या काझाचा पंप साधारण २०० किलोमीटरवर, आणि तिथून मनालीही तेवढंच. सीट काढलेल्या गाडीत माणसं आणि सामान एकाच हवेत असतात. कॅनच्या झाकणातून वाफ झिरपली की पहिलं डोकं दुखतं, आणि मग ते उंचीमुळे की वासामुळे हेच कळत नाही. स्टोव्हची काडतुसंही वेगळ्या डब्यात, उन्हाच्या बाजूला नकोत. कुकर मात्र हवाच. काझाच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. मेतकूट, लसणाची चटणी आणि कुकरातला गुरगुट्या भात यावर आमची रात्रीची जेवणं निघाली.

सामान बांधण्यात कंजुषी करू नका. मागच्या सीटची पाठ ही सामान आणि तुमची मान यांमधली भिंत असते. ती काढली की करकचून ब्रेक मारल्यावर जार थेट पाठीवर येतो. आम्ही पुढच्या सीटमागे लोखंडी जाळी लावली आणि सीटच्याच काही भोकांत मूळ बोल्टांऐवजी त्याच आट्यांचे कडीचे बोल्ट बसवून त्यांना रॅचेटचे पट्टे लावले. स्थितिस्थापक दोऱ्या फक्त पांघरुणांसाठी ठीक. पट्टे पहिल्या तासानंतर ढिले होतातच, थांबून परत आवळा.

खरी परीक्षा कुंझुम उतरल्यावर, बातल ते ग्राम्फू. रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या कडेनं पसरलेले धोंडे. बर्फ वितळून नाले दुपारी फुगतात, म्हणून हा टप्पा सकाळी लवकर धरा. फोर-एलमध्ये (चारही चाकांना जोर देणारी संथ गतीची सोय), पहिल्या गिअरला, ब्रेकवर पाय न ठेवता गाडी सावकाश जाऊ द्या. छत्रूला चहाला थांबून मागचं दार उघडलं तर एकही क्रेट हललेला नव्हता. पण कुकर आणि स्टोव्ह एकाच क्रेटमध्ये होते, आणि स्टोव्हच्या कडेनं कुकरच्या तळाला चंद्रकोरीएवढी चकाकती खाच पाडली होती. शेजारच्या तांदळाच्या पिशवीवर ॲल्युमिनियमची काळी भुकटी. धातूला धातू लागू देऊ नका, मधे टॉवेल घाला.

मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी लटकलेली असते. भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली की रात्री पांघरूण काढायला सगळी गाडी हलवावी लागते. उतारावर दार आपोआप फिरतं, एकानं धरून ठेवावं.

सीट नसल्याचा एक तोटा मला आधी सुचलाच नव्हता. काझाहून निघाल्यावर हंसा गावाजवळ एका आजींनी हात केला. पाठीवर पोतं, लोसरला जायचं होतं. तिकडे बस मोजक्याच. मागे बसवणं शक्य नाही, तिथे ना सीट ना बेल्ट. मी नाही म्हणायला काच खाली करतोय तोवर बाबा उतरलेसुद्धा. “तू सोडून ये यांना. मी बसतो इथे, मटारची शेतं बघतो.” आजींना पुढे बसवलं, बेल्ट लावून दिला, लोसरला सोडून परत आलो तर बाबा कुणाच्या तरी अंगणात चहा पीत होते. तुम्हालाही लोक हात करतील. मागे सामानावर कुणाला बसवू नका, कितीही जवळ जायचं असलं तरी.

परत आल्यावर सीट बसवण्याआधी पत्र्यावरची माती व्हॅक्युमनं काढा. स्पितीची धूळ पिठासारखी असते, आट्यांत बसते. सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग पान्यानं आवळा, शेवटी टॉर्क रेंचनं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. बेल्टची कुलपं गादीखाली अडकली नाहीत ना, हे प्रत्येक बेल्ट लावून ओढून बघा. घरी ठेवलेली सीट जमिनीवर नको, फळीवर उभी करून जुन्या चादरीत गुंडाळा. आमच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत, म्हणून ती पूर्ण वेळ बाबांच्या खोलीत होती.