आईचं रक्त आणि बर्फाचा डबा

क्रायोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या गारव्यानं साकळणाऱ्या प्रथिनांची, तपासणी करायची असेल तर लॅबला आधी फोन करून एवढंच विचारा: रक्त ३७ अंशांवर ठेवून सीरम (रक्ताची गुठळी झाल्यावर उरतं ते पिवळसर पाणी) वेगळं करायची सोय आहे का? ‘सगळं होतंय ओ, या तुम्ही’ यावर जाऊ नका.

आईच्या पायांवर जांभळे ठिपके, सांधे धरलेले, थंडी पडली की त्रास वाढायचा. खानापूरहून बेळगावला आलो. डॉक्टरांनी हिपॅटायटिस सी, आरए फॅक्टर (सांधेदुखीत बघतात ते), सी४ (रक्तातलं एक प्रथिन) आणि ही तपासणी लिहून दिली. बाकीच्या सहज झाल्या.

कलेक्शन सेंटरच्या मुलानं रक्त काढलं आणि नळी थेट थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटांमध्ये खोचली. म्हटलं, अहो, हे गार चालत नाही.

‘सगळी सँपलं आइसमधनंच जातात की ओ. बेंगळूरला जायचंय, वाटेत खराब होतील.’

त्याला सांगितलं, ही प्रथिनं गारव्यानं साकळतात. गुठळी होऊन सीरम वेगळं व्हायच्या आत रक्त गार पडलं, तर ती गुठळीबरोबरच खाली जातात, सीरममध्ये शोधणार काय? तो म्हणे, फॉर्मवर तसं लिहिलेलं नाही. मॅनेजर फोन उचलेना. मागं रांगेतले लोक चुळबुळायला लागले, आई ‘जाऊ दे रे’ म्हणायला लागली, आणि नळी डब्यातच. पैसे परत मिळणार नाहीत, हे मात्र त्यानं न विचारता सांगितलं.

रिपोर्ट निगेटिव्ह. सी४ एवढा कमी, म्हणजे क्रायोग्लोब्युलिनचा संशय बळकट असताना डॉक्टरांनी तो कागद बाजूलाच सारला.

मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेलो. तिथल्या बाईंनी सिरिंज आणि नळी आधीच गरम करून ठेवली होती. रक्ताची नळी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये, सेंट्रीफ्यूज (नळी गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं यंत्र) सुद्धा ३७ वर. सीरम वेगळं झाल्यावर मात्र ते फ्रिजमध्ये ४ अंशांवर, सात दिवसांपर्यंत. नंतर त्यांनी मला नळी दाखवली: ताकाचा साका बसावा तसा तळाला पांढरा थर. कोमट पाण्यात धरल्यावर हळूहळू विरघळला. तसा विरघळला तरच ते क्रायोग्लोब्युलिन. बर्फवाल्या पोराला तिथं आणून उभं करावंसं वाटलं.

हो, उपाशीपोटी जा, चरबीनं सीरम गढूळ होतं. जेलची नळी नको, साधी लाल टोपणाची. आणि रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ घेऊन येऊ नका, क्रायोक्रिट (सीरममध्ये त्या थराचं प्रमाण) किती टक्के आणि क्रायोग्लोब्युलिनच्या तीनपैकी कोणता प्रकार, तेही मागा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.